हात लावून बघायचा फळा

दिनानाथ गमरे सरांनी सातवी 'ब'ला पोत शिकवायला घेतला तेव्हा त्यांचा हेतू शुद्ध होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे जे रामायण घडलं त्यात त्यांचा दोष काढायचाच तर एवढाच, की त्यांनी एक गोष्ट मनावर घेतली. गणिताच्या शिक्षकाने गोष्टी मनावर घेतल्या तर लोक त्याला तळमळीचा शिक्षक म्हणतात. चित्रकलेच्या शिक्षकाने घेतल्या तर विचारतात, घरी सगळं ठीक आहे ना?

त्या वेळी नव्या मुंबईत सेक्टर आधी यायचे, रस्ते मागाहून आणि पाणी आपल्या सवडीने. तुर्भ्याच्या त्या शाळेत अर्धी पोरं आसपासच्या गावांतली, अर्धी कारखान्यांत आणि मार्केटात कामाला आलेल्यांची. शाळेला दोन मजले होते, एक घंटा होती आणि एक गमरे सर होते. घंटा आणि सर यांचा उपयोग साधारण सारखाच व्हायचा, म्हणजे गरज पडली की वाजवायचं. संमेलनाचा पडदा रंगवायचा, बोलवा गमरेंना. स्टाफरूमच्या बादलीवर 'शिक्षक' असं लिहायचं, बोलवा गमरेंना. मुख्याध्यापक कमळाकर टिपणीस यांच्या मुलीच्या लग्नात मांडवाबाहेर वधू-वरांची नावं थर्मोकोलमध्ये कापायलाही गमरेच होते, आणि जेवायच्या पंगतीत त्यांना डेकोरेशनवाल्यांबरोबर बसवलं होतं. सरांनी तो अपमान श्रीखंडाबरोबर गिळला.

पण पुढचा गिळण्यासारखा नव्हता. टिपणीस सरांनी एका दुपारी केबिनमध्ये बोलावून चहा दिला. चहा दिला म्हणजे काहीतरी काढून घेणार, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. शाळेचे गणिताचे निकाल घसरले होते, संस्थेचे लोक कटकट करत होते, आणि टिपणीसांच्या मते वेळापत्रकात चित्रकलेचे दोन तास विनाकारण ऐसपैस बसले होते.

"तपासणीचे साहेब येतायत," ते म्हणाले. "त्यांना चित्रकलेत काही दम दिसला तर ठेवू तास. नाहीतर दिवाळीनंतर दोन्ही तास गणिताला. मनाला लावून घेऊ नका, गमरे."

गमरे सरांनी मनाला लावून घेतलं. तास गेले की सातवीतल्या पोरांना हातात रंग धरायची जागाच उरणार नव्हती, आणि सरांच्या हातात राहणार होती फक्त बादली. तास जाऊ द्यायचे नाहीत, मग आभाळ कोसळो, असं त्यांनी चहाचा कप खाली ठेवायच्या आत ठरवलं.

आता पोताचं. सातवी 'ब'ची पोरं दगड काढायची तो पेढ्यासारखा, झाड काढायची ते नळासारखं आणि मांजर काढायची तीही नळासारखीच. सगळं कसं गुळगुळीत. सरांनी एक दिवस सगळ्यांना भिंतीला हात लावून डोळे मिटायला सांगितले आणि विचारलं, काय लागतंय हाताला? पोरं एका सुरात म्हणाली, भिंत. सर म्हणाले, भिंत डोळ्यांना दिसते रे, हाताला काय लागतं? मग हळूहळू कोणी म्हणालं खरखरीत, कोणी म्हणालं गार, एक पोरगी म्हणाली सर, इथं पोपडा आलाय. तेव्हा सरांनी सांगितलं की डोळे मिटल्यावरही वस्तू हाताला आपली ओळख देते, तो तिचा पोत. उद्या घरातून प्रत्येकाने पोत असलेली एकेक वस्तू आणायची, आपण मोठा फळा करू, आणि साहेबांना तो डोळे मिटून वाचायला लावू.

वर्गातल्या पोरांना एखादी गोष्ट समजली नाही तर शिक्षकाला वाईट वाटतं. पण समजली तर काय होतं, याचा अनुभव सरांना नव्हता.

दुसऱ्या दिवशी पॉलिशपेपर आला, गोणपाट आलं, नारळाचा काथ्या आला, जाळ्याचा तुकडा आला, पिशवीभर खडेमीठ आलं. सुके बोंबील आले. कोणाच्या तरी आजोबांची कानटोपी आली. किसणी आली, आणि तिच्या मागोमाग किसणीच्या मालकीणबाई आल्या. एक जिवंत चिंबोरी आली आणि तिने पहिल्याच बाकावर हजेरी लावली, म्हणून सरांना जिवंत पोत आणू नये असा नियम करावा लागला. मग त्या खेकड्याचं नुसतं कवच फळ्यासाठी परत आलं. शमसुन्निसा नावाच्या पोरीने गडद हिरव्या मखमलीचा तुकडा आणला, इतका सुंदर की सरांनी स्वतःच्या गालाला लावून बघितला. संध्याकाळी कळलं की तो तिच्या अब्बांच्या लग्नातल्या कोटाच्या पाठीतला होता. अब्बांनी येऊन शांतपणे सांगितलं की कोट तसाही आता अंगात शिरत नाही, पण पुढच्या वेळी पोत आस्तरातून घ्यावा.

एवढं सगळं डकवायला फळाही तसाच हवा. इसाकभाईंची लाकडाची वखार शाळेजवळच होती. त्यांनी कुठल्याशा यंत्राच्या खोक्याची एक अख्खी बाजू काढून दिली आणि म्हणाले, सर, फुकट घ्या, फक्त वखारीतून लवकर हलवा. ती बाजू हलवायला सातवी 'ब' पूर्ण आणि सातवी 'अ' निम्मी लागली.

फळा शाळेत आला आणि कायदा सुरू झाला. फळा भिंतीला टांगायचा तर खिळे मारायला लागणार, आणि भिंत संस्थेची. सरांनी अर्ज केला. संस्थेने विचारलं, खिळे किती आणि किती लांबीचे? सरांनी कळवलं. संस्थेने विचारलं, खिळे काढल्यावर भोकांची जबाबदारी कोणाची? सरांनी भोकांची जबाबदारी घेतली. तेव्हा संस्थेने कळवलं की भोकांचा विषय पुढच्या बैठकीत घेण्यात येईल, आणि बैठक दिवाळीनंतर होती. शेवटी सरांनी फळा व्हरांड्यात दोन बाकांवर उभा केला. बाकांबद्दल कोणी काही विचारायच्या आत त्यांनी वस्तू डकवायला घेतल्या.

डकवायला सरस हवा. सरस म्हणजे जनावराच्या कातड्या-हाडांचा जुन्या पद्धतीचा डिंक, सुतार वापरतात तो. तो पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून मंद आचेवर शिजवावा लागतो. सरांनी तो घरच्या स्टोव्हवर शिजवला. त्यांची बायको गोजरा सोशिक होती, पण सरसाला जो वास सुटतो तो सोसण्यापलीकडचा असतो. ती पदर नाकाला लावून बाल्कनीत जाऊन बसली. शेजारपाजारचे मात्र सगळे आत आले. खालच्या मजल्यावरच्या भिमाबाईंनी सांगितलं की सरसाबिरसाच्या नादी लागू नका, गव्हाच्या पिठाची खळ करा. टपालात काम करणारे एक गृहस्थ म्हणाले, खळीला झुरळं लागतात, मोरचूद घाला. तिसऱ्याने मोरचूद विषारी असतो याकडे लक्ष वेधलं आणि फळा पोरांनी चाटला तर काय, असं विचारलं. फळ्यावर मीठ आणि बोंबील असल्याने प्रश्न अगदीच गैर नव्हता. सर सगळ्यांचं ऐकून घेत राहिले आणि सरस ढवळत राहिले.

मग वेणूबाई आल्या. तुर्भे गावातल्या, ठसठशीत बाई, बोलायला लागल्या की व्हरांड्यातल्या कबुतरांनी जागा सोडावी. त्यांच्या मुलीने पाय घासायची वजरी आणली होती आणि सरांनी ती फळ्याच्या मधोमध बसवली होती, कारण खडबडीतपणात तिची बरोबरी करेल असं दुसरं काही नव्हतं.

"मास्तर, माजी वजरी द्या," वेणूबाई म्हणाल्या. "बाकी तुमचा फला तुमी ठेवा."

सरांनी वजरी काढून बघितली. निघेना. सरस उत्तम लागला होता. सरांना त्याचा जरा अभिमानही वाटला, पण तो चेहऱ्यावर दाखवायची ती वेळ नव्हती. नवीन वजरी आणून देतो म्हणाले, तर वेणूबाईंचं म्हणणं, नवी वजरी पायाला बसायला वरसं लागतात. त्यानंतर त्या रोज शाळा सुटायच्या वेळी यायच्या, वजरी तिथेच आहे ना ते बघायच्या, सरांकडे एक नजर टाकायच्या आणि जायच्या. त्या नजरेपेक्षा त्यांचं बोलणं परवडलं असतं.

त्यात मीठ पाझरायला लागलं. दमट हवेत खडेमीठ उघडं ठेवू नये हे सरांच्या आईला कळत होतं, बायकोला कळत होतं, सरांना कलेच्या भरात सुचलं नाही. मिठाला पाणी सुटलं, ते ओघळून खालच्या काथ्यावर आलं आणि काथ्याखालचा सरस सैल पडला. बोंबलांच्या वासावर मांजरी आल्या. मांजरी हाकलायला शाळेचा शिपाई पोपट स्टूल टाकून बसला. पोपट हा टिपणीस सरांचा उजवा हात, त्यामुळे फळ्याची रोजची बातमी केबिनमध्ये तपशीलवार पोहोचायला लागली. सरांनी कोळशाची इस्त्री आणून फळा शेकला, दुपारच्या उन्हात बाकांसकट बाहेर काढला, ढग आले की परत आत नेला. स्टाफरूममध्ये लोक म्हणायला लागले, गमरेंच्या घरी आजारी माणूस आहे, उन्हात बसवतात. सरांनी दातओठ खाल्ले, पण फळा सोडला नाही. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मीठ खरवडून काढलं, काथ्यावर सरसाचा जाडजूड थर नव्याने ओतला, आणि उद्यापर्यंत वाऱ्याने सुकेल अशा भरवशावर घरी गेले.

सकाळी येऊन बघतात तर वारा लागायला जागाच नव्हती.

फळ्यावर वरपासून खालपर्यंत जाड पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवलेलं होतं. कडेने लाल फीत, चार कोपऱ्यांना गुलाबी फुलं, आणि मधोमध पोपटच्या वळणदार अक्षरात पाटी: 'हात लावू नये'. बाजूला टिपणीस सर उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर बापाचं समाधान होतं. मंडळी, यात त्या माणसाचा वाईट हेतू शोधू नका. टिपणीसांच्या घरी सोफा आला त्या दिवसापासून त्याच्यावरचं प्लास्टिक निघालं नव्हतं. घड्याळाच्या काचेवरचा कागद तसाच होता. सुटकेसला खोळ होती आणि खोळीला पिशवी होती. आपल्याकडे एखाद्या वस्तूवर जीव जडला की माणूस पहिल्यांदा तिच्यावर प्लास्टिक चढवतो. गमरेंचा फळा बघता बघता टिपणीसांना आवडायला लागला होता, आणि हे त्यांनी आपल्या रीतीने कबूल केलं होतं.

गमरे सरांनी हळूच हात लावून बघितला. पॉलिशपेपर गुळगुळीत लागत होता. वजरी गुळगुळीत लागत होती. मखमल, किसणी, गोणपाट, बोंबील, सगळं एकजात टिपणीसांच्या सोफ्यासारखं. ते कळवळून म्हणाले की हे काढायला हवं, साहेबांनी हातच लावायचा आहे. टिपणीसांनी त्यांच्याकडे असं बघितलं, की जणू त्यांनी साहेबांना जोड्यांसकट देवघरात न्यायचं म्हटलंय. एवढ्यात फाटकाशी जीप थांबली.

साहेब पांढऱ्या सफारीतले, उंच, घाईतले. त्यांनी वर्ग बघितले, प्रयोगशाळेचं कुलूप बघितलं, पाण्याची टाकी बघितली. व्हरांड्यात फळ्यासमोर आले तेव्हा त्यांचं लक्ष केबिनकडे होतं, कारण तिथून कांदेपोह्यांचा वास येत होता. टिपणीस म्हणाले, चित्रकलेचा उपक्रम. साहेब चालता चालता म्हणाले, छान, छान, रंगीत आहे.

आणि पुढे निघाले. झालं, संपलं. साहेबांना दम दिसायला वेळच मिळाला नव्हता. सातवी 'ब' भिंतीला पाठ लावून उभी होती आणि सगळी पोरं सरांकडे बघत होती.  गमरे सर सरळ जाऊन साहेबांच्या वाटेत उभे राहिले.

"साहेब, हा बघायचा फळा नाही," ते म्हणाले. "हात लावायचा आहे."

साहेबांनी पाटी वाचली, मग सरांना वाचलं. सरांनी खिशातून पेन्सिल तासायचं ब्लेड काढलं आणि प्लास्टिक वरून खालपर्यंत फाडलं. टिपणीसांच्या तोंडून जो आवाज निघाला तो सोफा फाडला असता तरी तेवढाच निघाला असता. रात्रभर आत कोंडलेला सरसाचा आणि बोंबलाचा वास एकदम बाहेर पडला. साहेबांनी रुमाल काढला. एक मांजर कुठूनशी येऊन बसलं.

इथे दुसरा कोणी असता तर माफी मागून मोकळा झाला असता. सर म्हणाले, डोळे मिटा साहेब. साहेबांना बहुधा वाटलं की या माणसाशी वाद घालण्यापेक्षा हात लावून सुटलेलं बरं. त्यांनी डोळे मिटले आणि उजवा तळवा समोर सापडला तिथे दाबून टेकवला.

"काथ्या आहे, नारळाचा," ते म्हणाले. "बरं." आणि हात मागे घेतला. हात आला नाही.

सर पुढे झाले, साहेबांची बोटं सोडवायला गेले आणि त्यांचे स्वतःचे हात मनगटापर्यंत सरसाने बरबटले. जाड थर, प्लास्टिकखाली रात्रभर ओला राहिलेला, त्यात काथ्याच्या शेकडो दोऱ्या. सरस गरम पाण्याने सुटतो, दुसऱ्या कशाने नाही, हे सरांनी घसा फोडून सांगितलं, पण तोपर्यंत सल्ले सुरू झाले होते. शास्त्राचे शिक्षक म्हणाले रॉकेल. गणिताचे म्हणाले, काथ्या कापून साहेबांना मोकळं करावं, उरलेला मग घरी सावकाश. त्या दिवशी सकाळीच वजरी बघायला आलेल्या वेणूबाई म्हणाल्या, खोबऱ्याचं त्याल लावा, नायतर लेकराची अंगठी काढतात तशी वढा. साहेबांनी ओढण्याला ठाम नकार दिला. पोपट पाणी तापवायला धावला आणि तसाच परत येऊन सांगून गेला की स्टोव्हची पिन सापडत नाही.

मग काय, वाट बघणं आलं. जिल्ह्याचे साहेब व्हरांड्यात एका हाताने फळ्याला चिकटलेले, आणि भोवती सातवी 'ब' गप्प उभी. टिपणीस पोरांना वर्गात जा म्हणत होते, पण पायांना ते ऐकू जात नव्हतं. साहेबांचा चेहरा लाल झाला होता. तेवढ्यात वेणूबाईंची मुलगी पुढे आली. घरी आलेल्या पाहुण्याला कोणी काही विचारत नाही हे बघवत नाही, तसं तिचं झालं असावं.

"साहेब, दुसरा हात मोकला हाय ना," ती म्हणाली. "डोले मिटा."

साहेबांनी इकडेतिकडे बघितलं. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. त्यांनी डोळे मिटले, आणि तिने त्यांचा डावा हात मनगटाशी धरून चिंबोरीच्या कवचावर ठेवला. साहेब म्हणाले, कौल. पोरं फिदीफिदी हसली. जाळ्याला ते मच्छरदाणी म्हणाले, कानटोपीला कुत्र्याचं पिल्लू, आणि वजरीला शिळा पाव. वेणूबाईंनी ते मनाला लावून घेतलं. मखमल मात्र त्यांनी ओळखली आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या, तर साहेब चक्क खुलले. सफारीचं वरचं बटण सोडून म्हणाले, आता मला कोणी सांगू नका हां.

फळ्याची खालची ओळ पोरांनी आपल्या आपण भरली होती, घाईत सरांनीही ती नीट बघितली नव्हती. तिथे एका जागी साहेबांचा हात थांबला. बोट पुढे गेलं, मागे आलं, एका भेगेत शिरलं. 

"हे भाताचं खाचर आहे," ते म्हणाले. "कापणीनंतरचं. अशाच भेगा पडतात. आम्ही लहानपणी आत बोटं घालायचो, आणि आजी ओरडायची, विंचू चावेल म्हणून."

"आमचंच शेत हाय ते," वेणूबाईंची मुलगी म्हणाली. "होतं. आता तितं भरनी टाकलीय, बिल्डिंगी होनार. भरनी परायच्या आदी मी एक ढेकूल काढून आनलं."

वेणूबाईंनी वजरीवरून नजर काढून मुलीकडे बघितलं. त्यांना हे माहीत नव्हतं. सरांनाही नव्हतं. कोणाला घरात दुसरं काही मिळालं नसेल म्हणून माती आणली, असं ते धावत्या नजरेत धरून चालले होते, आणि आता त्या विचाराची त्यांना लाज वाटली. साहेबांचा हात मातीवर तसाच होता.

पोपट धापा टाकत आला. पातेल्यातून वाफा निघत होत्या. "साहेब, पानी झालं गरम."

"ठेव खाली," साहेब डोळे न उघडता म्हणाले. "निवू दे जरा."

टिपणीस सरांना वाटलं, हीच वेळ बरी. ते घसा खाकरून साहेबांच्या कानाशी वाकले आणि गणिताचे निकाल, वेळापत्रक, दिवाळीनंतरचे दोन तास, असं हळू आवाजात सांगायला लागले.

"टिपणीस," साहेब म्हणाले, "चित्रकलेचा तास चालू आहे. मधे बोलू नका."

मग ते पोरीला म्हणाले, "हं, पुढचं दे." तिने त्यांचा हात उचलून पुढच्या वस्तूवर ठेवला आणि सगळी सातवी 'ब' पुढे झुकली. गमरे सरांचे डोळे भरून आले होते, पण ते पुसता येईनात, कारण दोन्ही हात सरसाने माखलेले होते.